दोन सारख्या खाचांचा ओंडका

मित्रांनो, मी फणसाचा ओंडका. बाली बेटावरच्या भातशेतांच्या उतारावर, पाटात आडवा पडून मला छत्तीस वर्षं झाली. माझ्या पाठीवर दोन खाचा, अगदी सारख्या. येईल ते पाणी निम्मं निम्मं करून खाली सोडायचं, एवढंच माझं काम. मला बसवलं त्या दिवशी गावानं फुलं आणि भात वाहिला. पुढे लोक माझ्यावर पाय देऊन ओलांडू लागले. मला वाईट वाटलं नाही. त्यांच्या घरी भात शिजत होता.

डावीकडचा पाट लस्त्रीच्या आईचा. आमच्याकडे थोरल्या लेकराच्या नावानंच आईबापांना हाक मारतात. तिचा पाट दोन खडकांमधल्या चिंचोळ्या फटीत शिरतो, म्हणून पाणी खळाळत धावतं. उजवीकडचा पाट रुदिताच्या बापाचा. तो ऐसपैस, त्यात पाणी रेंगाळत जातं. एका वर्षी त्याच्या शेवटच्या शेतात पाणी पोचेना. तिचं धावतं पाणी बघून त्यानं गावभर बोंब ठोकली, की ही बाई जास्तीचं पाणी पळवते. सभेत ठरलं, तिची खाच निम्मी बुजवायची. तिची लावणी नुकतीच झाली होती. निम्म्या पाण्यात वर्षाचा भात हातचा गेला असता.

गावाचं पाणी सांभाळणारा पाटकरी चिखलाचा गोळा घेऊन आला, तर ती माझ्यावर ठाण मांडून उभी. हातात भोकाची करवंटी. कोंबड्यांच्या झुंजीत वेळ मोजायला ती पाण्यावर ठेवतात. बुडाली की डाव संपला.

"लस्त्रीच्या आई, आज कोंबडा कोण, तू की मी?" रुदिताचा बाप म्हणाला. सगळे हसले.

ती हसली नाही. "आधी मोजा, मग बुजवा. धावतं म्हणजे जास्त असतं होय? माझ्या पाटाचा गळा आवळलाय म्हणून ते धावतंय. तेवढंच पाणी तुमच्याकडे हातपाय पसरून चालतंय."

दोन्ही पाटांना बांबूची पन्हळ लावून खाली रांजण धरले. करवंटी चारदा बुडेपर्यंत तिचा रांजण भरला. त्याचाही चारदाच. पाटकऱ्यानं तीन वेळा मोजून घेतलं.

"मग माझं पाणी जातं कुठे?" त्याचा आवाज उतरला होता.

"पाणी काय कापूस आहे, दाबून लहान व्हायला? वर चार करवंट्यांत भरणारा रांजण खाली जास्त वेळ घेत असेल, तर मधेच कुठेतरी सांडतंय. चला."

पुढचं मला दिसलं नाही, परतणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. सातव्या बांधाखाली मोजणी चारावरून सातावर गेली. त्याच्याच बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली होती आणि पाणी ओढ्यात चाललं होतं. त्यानं त्या वर्षी बांध लिंपलाच नव्हता. खाली मान घालून तो आला, पाटकऱ्याच्या हातातला चिखल मागून घेतला आणि निघून गेला. मला मात्र अभिमान वाटला, लपवत नाही.

आता मी कुजलो आहे. परवा लस्त्रीच्या आईनं माझ्या खाचांना बोटं लावून पाहिली. डावी खाच उजवीपेक्षा दोन बोटं रुंद झाली आहे. रुदिताच्या बापाला पत्ताही नव्हता. तीच पाटकऱ्याला म्हणाली, "माझ्याकडे जास्त जातंय. ओंडका बदला."

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. मला काढा, चुलीत घाला. फक्त नव्या ओंडक्याच्या खाचा सारख्या पाडा, आणि मोजायला तिलाच बोलवा.