दोघींचा स्वयंपाक

बेल वाजली तेव्हा धाकटी बुटाच्या नाड्या बांधत होती. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई उभी होती, हातात सीलबंद पेटी.

"उत्तेजकांच्या तपासणीला आलेय. लघवीचा नमुना हवाय."

गेल्याच आठवड्यात धाकटीच्या थोरल्या बहिणीवर, मॅरेथॉन गाजवणाऱ्या ताईवर, उत्तेजक घेतल्याबद्दल चार वर्षांची बंदी आली होती. क्लबने भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला, मैदानावर यायचं नाही म्हणून बजावलं. दोघी एकाच घरात राहत, बरोबर धावत, ताईच्या हातचं जेवत. त्या दिवसापासून धाकटीला घास गिळवेना. आपल्याही पोटात काही गेलं असेल तर? विचारायची मात्र छाती झाली नव्हती.

बाई तिच्यामागून न्हाणीघरात आली आणि समोरच उभी राहिली. नियमच तसा. धाकटीला एक थेंबही उतरेना.

"घाई नाही," बाई म्हणाली. "पाणी पी. मी थांबते."

ताईने पेला भरून आणला. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं, आणि बाईच्या पेटीतली पाण्याची सीलबंद बाटली उचलून फोडली. ताई पेला घेऊन आत गेली.

बाई बाहेरच्या खुर्चीवरून लक्ष ठेवून होती. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन कुजबुजली, "ताई, मला काही दिलं होतंस का?"

"वेडी आहेस का?"

"तू काय घेतेयस ते तुला माहीत होतं ना?"

ताई ओट्याला टेकली. "होतं. गुडघा साथ देईना. कालच्या पोरी मला मागे टाकायला लागल्या. डॉक्टर म्हणाला, सगळेच घेतात."

"आणि माझ्या जेवणात?"

"तुला कशी देईन गं?"

ताईने तिच्याकडे सरळ पाहिलं. पण 'मी काही घेतलं नाही' हे पत्रकारांनाही तिने असंच, डोळ्यांत डोळे घालून सांगितलं होतं.

शेवटी नमुना देऊन झाला, बाई तो घेऊन गेली. त्या दिवसापासून धाकटी आपलं वेगळं शिजवू लागली. पीठ, डाळ, मीठसुद्धा कपाटात कुलूप लावून. ताईने एका कुरिअरच्या गोदामात काम धरलं. फोन वाजला की धाकटी आधी नंबर बघे.

अखेर निकाल आला. धाकटी पळतच गोदामात गेली. जेवणाची सुट्टी होती. ताई एका खोक्यावर डबा उघडून बसली होती.

"ताई, काही निघालं नाही! मी सुटले!"

ताईने डोळे मिटले.

"देवा," ती म्हणाली, "माझा जीव टांगणीला लागला होता गं."

"तुझा? तू तर काही दिलं नव्हतंस."

"दिलं नव्हतंच. पण माझ्या औषधाच्या पुड्या स्वयंपाकघरातच होत्या. एखादा चमचा, एखादं भांडं... रोज आठवून बघायचे. खात्री होईना."

धाकटी तिच्या शेजारी खोक्यावर टेकली आणि तिने घास घ्यायला हात पुढे केला.

ताईने झाकण लावलं.

"नको. रविवारी शर्यत आहे तुझी," ती म्हणाली, आणि डबा उचलून तिने पलीकडच्या बाजूला ठेवला.