अख्खी गारगोटी

टिण्ण.

गुहेतल्या शांततेत पुन्हा तोच आवाज. सरेनने कातड्यावरून मान वर केली नाही. सासू बारक्या खड्याने गारगोटी वाजवून बघत होती. सकाळपासून चौथ्यांदा.

"चोख वाजते. आत चीर म्हणून नाही," म्हातारी म्हणाली. "माझ्या लेकाची पारखच तशी."

"म्हणून तर म्हणते, आत्याबाई, मला तिची पाती काढू द्या."

"आज चंद्र पुरा भरतोय. अख्खी गारगोटी त्याला पुरलं त्या ढिगाऱ्यात जायची. तिकडे त्याला दगड कोण देणार?"

"आणि इकडे आम्हाला?"

सरेनने हातातलं पातं पुढे केलं. घासून घासून ते बोटाच्या पेराएवढं उरलं होतं. कातडं कापलं जात नव्हतं, नुसतं चुरगळत होतं. डोंगरमाथ्यावर बर्फ उतरलं होतं आणि तिची लेक मिशू अजून गेल्या हिवाळ्याच्या, कोपरापर्यंत आखूड झालेल्या अंगरख्यात हिंडत होती. गारगोटीची खाण सात दिवसांच्या वाटेवर. ही एवढी एक घेऊन नवरा तापाने फणफणत परतला, तो पुन्हा उठलाच नाही.

"दातांनी फाड. आम्ही नाही फाडली कातडी?"

"म्हणूनच एक दात उरलाय तुमचा!"

मिशू खुदकन हसली. म्हातारीच्याही ओठांचा कोपरा हलला. पण हात मात्र खड्याकडेच गेला.

टिण्ण.

सरेन ताडकन उठली. तिने गारगोटी ओढून घेतली, मांडीवर धरली आणि नदीतल्या गोट्याने एकच घाव घातला.

पातं निघालंच नाही. गारगोटी मधोमध दुभंगली. ऐन पोटात एक गोगलगाय बसलेली, वेटोळ्यासकट दगड झालेली. दुसऱ्या तुकड्यात तिच्या मापाचा खळगा.

"एवढी चोख वाजत होती..." सरेन म्हणाली. आता ना त्याला, ना पोरीला.

म्हातारी ओरडली नाही. दोन्ही तुकडे तिने उजेडाकडे धरले, फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. खळग्याचा तुकडा तिने सुनेकडे सरकवला. गोगलगायीचा लेकासाठी उराशी घट्ट धरला.

"काप लवकर. उजेड जाईल."

सरेन कापू लागली. कातडं लोण्यासारखं सुटत गेलं. मिशू आजीच्या मांडीवर रेलून त्या वेटोळ्यावर बोट फिरवत होती.

"आई, हिला दगडानं किती छान सांभाळलं गं."

"हं."

"बाबाला पण सांभाळेल?"

सरेनने तिला जवळ ओढलं आणि अर्धवट कापलेलं कातडं तिच्या खांद्यांवर मापून पाहिलं.