जसाच्या तसा निरोप

मोशीच्या सोसायटीत ज्योतीराम गवळींना सगळे हॅलोकाका म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. लातूरकडून आलेला हा माणूस चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं टूलरूममध्ये हाडं झिजवून निवृत्त झाला. दुसरा कोणी असता तर सकाळी फिरायला गेला असता, दुपारी ताणून दिली असती. यांनी परीक्षा देऊन हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, परवाना काढला, गच्चीवर अँटेना उभारला आणि लोकसेवेला बसले. लोकांना सेवा नको होती, हा भाग वेगळा. रोज सकाळी सात वाजता कानाला हेडफोन लावून ते ताथवड्याच्या सिद्धेशला विचारायचे, "माझा आवाज कसा येतोय?" कॉलेजात शिकवणारा सिद्धेश सांगायचा, "स्वच्छ येतोय, सर." चार वर्षं एवढीच बातमी जात-येत होती.

"त्यापेक्षा फोनच करा की त्याला," सुमनताई म्हणायच्या. या त्यांच्या पत्नी, त्यामुळे बोलायचा परवाना यांच्याकडे आधीपासूनच होता.

"फोन बंद पडल्यावर कळंल तुला."

आणि एका ऑगस्टात फोन खरंच बंद पडले. धरणातून पाणी सोडलं, इंद्रायणी फुगली, वीज गेली आणि सकाळी दहाच्या आत मोबाइलचे टॉवर एकामागून एक मुके झाले. लोक गॅलरीत येऊन फोन आभाळाकडे धरत होते. ज्योतीरामांनी रेडिओ गाडीच्या बॅटरीला जोडला. खरं सांगायचं तर त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि त्याची लाजही वाटत होती.

सिद्धेश हातातला छोटा सेट घेऊन बचावाच्या होडीवर होता. साडेअकराला त्याचा आवाज आला. नदीकाठच्या वस्तीत ठकुबाई नावाची म्हातारी घराच्या स्लॅबवर बसली होती, होडी भिंतीला लागली होती आणि बाई उतरायला तयार नव्हती. तिचा मुलगा आदिनाथ नेमका ज्योतीरामांच्याच सोसायटीत, बी विंगला राहत होता.

आता ज्योतीरामांनी सिद्धेशला दोन नियम शिकवलेले होते. निरोप शब्दशः पोचवायचा, हा एक. हवेवर अपशब्द काढायचा नाही, हा दुसरा. दोन्ही एकदम पाळायची वेळ आजवर आली नव्हती. सिद्धेशने थोडं घुटमळून निरोप दिला: "ज्येष्ठ महिला. प्रकृती ठीक. मुलगा शोधत पाण्यात येईल अशी भीती. तो घरी असल्याची खात्री झाल्याशिवाय होडीत बसण्यास नकार. तासाभरात आणखी पाणी सोडणार आहेत. ओव्हर."

सुमनताई तीन जिने उतरून, तीन चढून आदिनाथला घेऊन आल्या. त्याची पँट कमरेपर्यंत भिजलेली होती. मायलेकांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. फ्लॅटवर राहायला चल म्हणून हा भांडला, ती आली नाही, आणि दोघांनी एकमेकांचं जे काय काढायचं ते काढलं होतं.

ज्योतीरामांनी निरोप वाचून दाखवला. आदिनाथचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं.

"सांगा त्या थेरडीला, दोनदा पुलावरनं हाकललंय मला पोलिसांनी. गुमान होडीत बस म्हनावं, न्हाईतर येऊन तंगडी धरून वढीन!"

माइक त्याच्या हातात दिला असता तरी एवढ्या खरखरीतून आईला पोराचा आवाज ओळखू आला नसता, आणि परीक्षा न दिलेल्या माणसाच्या हाती माइक द्यायचा ज्योतीरामांचा स्वभावही नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"चिरंजीव घरी सुखरूप आहेत. आपण सहकार्य करावे, ही विनंती. ओव्हर."

 दोन मिनिटांनी सिद्धेशचा आवाज आला, पडलेला.

"सर, त्या म्हणतात हा त्यांचा मुलगा नाही. हे कुणीतरी ऑफिसातलं बोलतंय. मुलगा गेला आणि आपण लपवतोय, असं त्यांना वाटतंय. स्लॅबवर आडव्या पडून रडतायत. होडीवाले दहा मिनिटंच थांबणार म्हणतात."

 ज्योतीरामांनी आदिनाथला सांगितलं.

"तुमी काय सांगितलंत तिला?" आदिनाथने विचारलं. ज्योतीरामांनी कागद पुढे केला. त्याने वाचला आणि कपाळावर हात मारला. "सहकार्य? काका, आमच्या घरात सात पिढ्यात कुनी असलं बोललंय व्हय? तिला वाटनारच की मी मेलो म्हनून!"

"पोरगं जे बोललं ते सांगा की," सुमनताई म्हणाल्या. "तुमचं तोंड काय विटाळायलंय का?"

हवेवर कलेक्टर कचेरीचा नियंत्रण कक्ष होता. सातारा-नाशिकपर्यंतचे हॅमवाले कान लावून बसले होते. चार वर्षांत ज्योतीरामांच्या तोंडून 'च्यायला' गेलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

"निरोप शब्दशः. सांगा त्या थेरडीला. थेरडीला, थ थर्मासचा. दोनदा पुलावरनं हाकललंय मला पोलिसांनी. गुमान होडीत बस म्हनावं, न्हाईतर येऊन तंगडी धरून वढीन. उद्गारचिन्ह. ओव्हर."

नियमाप्रमाणे सिद्धेशने सगळं परत म्हणून खात्री करून घेतली, त्यामुळे ते हवेवर दोनदा गेलं. साताऱ्याकडून कोणीतरी खोकलं.

 आदिनाथ हेडफोनकडे बघत नखं खात होता.

"सर! उठल्या. हसतायत. उतरतायत... बसल्या होडीत. कोंबडी घेऊन बसल्या. उलट निरोप आहे, सर. शब्दशः देऊ?"

"शब्दशःच दे बाबा."

ज्योतीरामांनी लिहून घेतलं. आदिनाथकडे वळले आणि एक अक्षर न गाळता वाचलं. "मुडद्या, तुला पवता येतंय का? पुलावर कशाला मरायला गेलतास? आन दोन वर्सं फोन करायला बोटं झडली व्हती का तुजी, रांडंच्या?"

ही शेवटची शिवी आईने दिली की नेमकी कोणाला लागते, याचा हिशेब आपल्याकडे कोणी करत नाही. आदिनाथला मात्र ती बरोबर लागली. तो तिथंच फरशीवर बसला आणि त्याने भोकाड पसरलं. बत्तीस वर्षांचा, शिफ्ट इन्चार्ज माणूस. सुमनताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"उत्तर काय देऊ?" ज्योतीरामांनी विचारलं. त्याला बोलता येईना.

ज्योतीरामांनी पेन खाली ठेवलं. मग बटण दाबून, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या मनाचा निरोप पाठवला. "उत्तर नाही. रडतोय. ओव्हर."

होडीच्या इंजिनाचा आवाज आला, मग सिद्धेश.

"म्हणतायत, रडू दे मुडद्याला. घरी आल्यावर डोळं पुसते म्हणावं. ओव्हर."

"कुठल्या घरी? ओव्हर."

"विचारलं, सर. म्हणतायत, आता एकच ऱ्हायलंय न्हवं."