पाठीवरची खूण

आम्ही नवरा-बायको घरं रंगवतो. भिंती ह्यांच्या, छतं माझी. मान वर केली की ह्यांना गरगरतं, म्हणून गेली बावीस वर्षं शिडीवर मी. डोक्यावर रोलर चालवायचा तर जोर पाठीतून लागतो, हे मला कुठल्या डॉक्टरने शिकवायला नको.

डाव्या स्तनात गाठी निघाल्या त्या दोन, एकमेकींपासून लांब. एकच असती तर तेवढी काढून वर किरणं दिली असती, असं सर्जन म्हणाले. दोन म्हणजे अख्खा स्तन काढणं आलं. त्यापुढे तीन वाटा: सिलिकॉनची पिशवी बसवायची, पाठीचा स्नायू पुढे ओढून नवा स्तन करायचा, नाहीतर सपाट शिवून मोकळं व्हायचं. पिशवी मला नकोच होती.

"स्नायू काढल्यावर छत रंगवता येईल?" मी विचारलं.

"रोजची सगळी कामं करता येतात," ते ह्यांच्याकडे बघून म्हणाले.

"माझं रोजचं काम छतच आहे. आणि गाठी मला झाल्यात, त्यांना नाही."

मग सर्जननी कबूल केलं. हात वर करून ताकदीचं काम करताना तो खांदा उणा पडू शकतो. मी तिथल्या तिथे सपाटवर सही ठोकली. घरी येईपर्यंत ह्यांनी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, पटलं असेल. कसलं पटतंय!

ऑपरेशनच्या सकाळी सर्जन पेन घेऊन आले, छातीवर रेघा मारल्या आणि म्हणाले, "आता पाठ करा इकडे." मी मुकाट्याने वळले. गार पेन पाठीवर गोल फिरलं. खूण कशासाठी करतात हे रंगाऱ्याला सांगावं लागत नाही.

"हे कशाला?"

"स्नायूसाठी. तुमचे मिस्टर काल फोनवर म्हणाले, तुमचा विचार बदललाय. सिस्टर नवा फॉर्म आणतायत."

"माझा विचार बदलला आणि मलाच पत्ता नाही?"

तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांची ही खोड जुनी. गिऱ्हाइकाने पिवळा सांगितला की हे गुपचूप मोतिया मारतात. वर म्हणतात, लोकांना आधी कळत नाही, नंतर खूश होतात. त्यापायी दोन घरं मी पुन्हा रंगवून दिलीत. पण मी काय भिंत आहे?

"आणि तुम्ही!" मी सर्जनना म्हटलं. "सही माझी, पाठ माझी, आणि विचारलंत कुणाला? फोनला?"

"मी आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं," ते चाचरत म्हणाले.

"पेन फिरवून झाल्यावर सुचलं होय! बोलवा त्यांना आत."

हे आले. मी गाऊन पाठीवरून खाली सोडला. "काय आहे हे?"

"अगं, नंतर पश्चात्ताप होईल तुला. बाईमाणूस आहेस. तुझ्यासाठीच मी..."

"माझ्यासाठी? खांदा गेला तर छत कोण करणार, तुम्ही? खरं बोला. कुणासाठी केलात फोन?"

सिस्टर फॉर्म घेऊन आली आणि दारातच थबकली.

"माझ्यासाठी," हे फरशीकडे बघत म्हणाले. "मला बघवणार नाही."

मला रडू आलं नाही. संताप आला. सिस्टरकडून स्पिरिटचा कापूस मागून घेतला आणि ह्यांच्या मुठीत कोंबला.

"पुसा."

"सिस्टर पुसतील ना..."

"ही खूण करायला तुम्ही लावलीत, तुम्हीच पुसा. आणि डोळे उघडे ठेवून."

ते पुसायला लागले. शाई चिवट होती, लवकर जाईना. कातडी चुरचुरायला लागली.

"दुखतंय का गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"दुखतंय," मी म्हटलं. "थांबू नका."