पडद्याआडचे धुराडे

मी एक जुना गॅसचा गिझर आहे, मित्रांनो, आणि मला स्वतःची लाज वाटते. इतर वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की मालकाच्या नावाने बोटे मोडतात. आधी डोक्यावर घेतले, मग अडगळीत टाकले म्हणतात. माझी तशी तक्रार नाही. मला टाकले ते बरेच केले. थोडे आधी टाकायला हवे होते.

सेतीफ शहरातल्या एका इमारतीच्या गच्चीवर मी आडवा पडलो आहे. पत्र्याला गंज चढला आहे आणि कबुतरांनी मला आपला ओटा केला आहे. बायका इथे कपडे वाळत घालायला येतात आणि बोलतात. त्यामुळे खालच्या घरात काय चालले आहे ते मला अजून कळते.

माझी रचना सोपी. पोटात तांब्याच्या नळीची वेटोळी, त्यांच्याखाली ज्योतींची रांग. नळ सोडला की पाणी वेटोळ्यांतून धावते, ज्योती भडकतात, आणि पलीकडे पाणी कढत निघते. डोक्यावर धुराडे असते. मी जे जाळतो त्याचा श्वास तिथून बाहेर जातो. ते माझे नाक समजा. तुमचे नाक दाबले तर तुम्ही गुदमरता. माझे नाक दाबले तर मला काही होत नाही, जवळ उभा असलेला माणूस गुदमरतो. पुढचे वाचायचा कंटाळा आला तर एवढे एक वाक्य लक्षात ठेवा आणि खेळायला जा.

मला या घरात आणले लखदरने. तो शहरात बस चालवायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घराला मागच्या बाजूला एक उघडी गॅलरी होती. तिथे त्याने मला भिंतीवर टांगले आणि माझे धुराडे कठड्याच्या बाहेर काढले. सेतीफची थंडी म्हणजे बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरतो. लखदरची बायको झुलीखा पहाटेच्या नमाजाआधी हातपाय धुवायची तेव्हा तिची बोटे काळीनिळी पडायची. मी आलो आणि ते संपले. ती शेजारणीला, नफीसाला, म्हणाली, "मला मूल एकच, पण हा दुसरा समज. सांगितलेलं ऐकतो तो हाच."

मी फुगलो. कौतुकाने फुगणारी वस्तू धोक्याची असते, हे मला तेव्हा कळले नाही.

दरवर्षी थंडीच्या आधी अमार मिस्त्री यायचा. माझे झाकण काढायचा, वेटोळ्यांवरची काजळी ब्रशाने झाडायचा, धुराड्यात हात घालून पाहायचा. लखदर त्याचे स्टूल धरून उभा राहायचा आणि टोमणे मारायचा.

"अमार, तू माझ्या बायकोपेक्षा या गिझरचीच जास्त विचारपूस करतोस."

"बायको तुला ओरडून सांगते रे. याला ओरडता येत नाही," अमार म्हणायचा. "ज्योत निळी असली की समज घर सुखात आहे. पिवळी दिसली की आधी मला बोलव. पाहुण्यांना नंतर."

मग लखदर वारला. पुढच्या थंडीत अमार आला तेव्हा झुलीखाने दार अर्धेच उघडले. "घरात मी एकटी आहे. तौफीक असेल तेव्हा या." तौफीक म्हणजे तिचा मुलगा. तो ट्रक घेऊन दक्षिणेला वाळवंटात जायचा आणि पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. अमार आणखी एकदा येऊन परत गेला. मग त्याने येणे सोडले. माझ्या वेटोळ्यांवर काजळी चढत गेली. तरीही माझे नाक मोकळे होते आणि गॅलरी उघडी होती, म्हणून कोणाचे काही बिघडले नाही.

बिघडले ते तौफीकच्या लग्नाने. घर दोन खोल्यांचे. नवी जोडी झोपणार कुठे? या शहरात सगळे जे करतात तेच ठरले. गॅलरी काचा लावून बंद करायची, स्वयंपाकघर तिथे न्यायचे, आणि जुन्या स्वयंपाकघराची खोली जोडप्याला द्यायची. काचा बसवणारा आला. त्याने माझे धुराडे पाहिले आणि विचारले, "याच्यासाठी काचेला भोक पाडायचं ना?"

झुलीखा खाली चौकात जाऊन इमारतीकडे बघून आली. माझ्या धुराड्याखाली पांढऱ्या भिंतीवर काळा डाग पडला होता, हातभर लांब. "सोयरे येणार, आणि आधी त्यांना हा डाग दिसणार? म्हणतील, मुलगी कुठल्या भट्टीत दिली. नवीन काचेतून काळं नळकांडं नको."

"मग धूर जाणार कुठे?" काचवाल्याने विचारले.

"धूर कसला," तौफीक म्हणाला, "वाफ असते ती."

काचवाला म्हणाला, "घर तुमचं." त्याने धुराडे वीतभर ठेवून कापले. भिंतीला रंग दिला. घराचे नाक वर राहावे म्हणून माझे नाक कापले गेले. वर झुलीखाने माझ्यापुढे कशिदा काढलेला पडदा सोडला, कारण मी आता काळवंडलेला म्हातारा दिसत होतो. लाज वाटते सांगायला, पण मला तो पडदा आवडला. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला नटवले होते.

वरीदा सून म्हणून आली. बारीक चणीची, हसरी, भांडी घासताना गुणगुणणारी. सासूला ती यम्मा म्हणायची, म्हणजे आई. झुलीखाने तिच्या हाती स्वयंपाकघर दिले आणि म्हणाली, "तीस वर्षं केलं, आता बसून खाणार." ती खरोखरच आतल्या खोलीत बसून राहिली. तौफीक रस्त्यावर. त्यामुळे त्या काचेच्या पेटीत माझ्यासोबत दिवसभर एकटी वरीदा.

बर्फ पडू लागले. काचांच्या चौकटीखालून गार झोत येतो म्हणून झुलीखाने लखदरच्या जुन्या लोकरी झग्याचा तुकडा फाडून फटीत कोंबला. सुनेला थंडी लागू नये, हीच तिची इच्छा. खोटे का सांगू, ती दुष्ट बाई नव्हती.

आता माझा श्वास आत, वरीदाचा श्वासही आत. त्या श्वासाला ना वास असतो, ना रंग. माझ्या ज्योती पिवळ्या पडल्या. मला बोलायला ती एकच जीभ आहे, मित्रांनो, आणि तिच्यापुढे पडदा होता.

आठवड्याभरात वरीदाचे डोके दुखू लागले. मग मळमळ. मग एका दुपारी भांडी घासता घासता ती ओट्याला धरून खाली बसली. झुलीखा धावत आली.

"काय होतंय?"

"डोक्यात घण पडतायत, यम्मा. पोटात ढवळतंय. उभं राहिलं की घर फिरतं."

झुलीखाने तिच्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. "अगं वेडे, घर फिरत नाही. घरात पाळणा येतोय."

"नाही, यम्मा, मला नाही वाटत…"

"तुला काय वाटायचंय. मी आई झालेली बाई आहे."

रवा भाजून मध-लोण्यात कालवतात, त्याला तमीना म्हणतात. ती वाटायची बाळ जन्मल्यावर. झुलीखाला इतका धीर कुठला. तिने त्याच संध्याकाळी परात भरून तमीना केली आणि जिन्यातल्या नऊही दारांवर नेली. नफीसा म्हणाली, "इतक्या लवकर सांगू नये, नजर लागते." झुलीखा म्हणाली, "लागू दे. दिसण्यासारखं आहे म्हणून लागेल."

वरीदाला ठाऊक होते की तसे काही नाही. बाईला ते कळते. पण जिनाभर गोड वाटून झाल्यावर सासूला ते सांगायचे कोणत्या तोंडाने? तौफीक फोनवर हसत होता. ती माझ्याजवळ उभी राहून कपाळ गार काचेला लावायची आणि पुटपुटायची, "कसं सांगू? आता कसं सांगू?" आणि झुलीखा मायेने बजावायची, "गार पाण्याला हात लावू नकोस. गरम सोड, भरपूर सोड." नळ सुटायचा. मी पेटायचो. त्या मायेचे मी विष करत होतो.

वरीदा दोन दिवस माहेरी गेली आणि टवटवीत होऊन आली. परतली त्याच संध्याकाळी पुन्हा ओकली. झुलीखाच्या मनात काटा गेला. "आईकडे घोडी, आमच्याकडे आजारी. आमचं पाणी बाधतं वाटतं राणीला."

पाणी नाही, पण बोट अगदी जवळ आले होते. कोणी पुढे पाहिले नाही.

दोन महिने झाले तेव्हा झुलीखा तिला डॉक्टरणीकडे घेऊन गेली. परत आल्या त्या दोघी वेगवेगळ्या. मूल नव्हते. कधीच नव्हते. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या.

"मला नऊ घरांत तोंडघशी पाडलंस," झुलीखा म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. "काम चुकवायला ओकायचीस. पोटुशीचं सोंग."

"मी कधी म्हटलं नव्हतं, यम्मा. तुम्ही म्हणालात. मी नुसती गप्प राहिले."

"गप्प राहून खोटं बोलता येतं. तुझ्या भावाला निरोप दिलाय. शुक्रवारी येईल, जा त्याच्याबरोबर. आणि तोवर माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही."

असे परत पाठवलेल्या मुलीच्या कपाळावर काय चिकटते ते या शहरात कोणाला सांगावे लागत नाही. खोटारडी, म्हणे. वरीदा आत बॅग भरत होती आणि मी, जो खरा गुन्हेगार, कशिद्याच्या पडद्याआड सोवळा होतो.

गुरुवारी सकाळपासून बर्फ पडत होते. झुलीखाने बाह्या सरसावल्या. रागाच्या भरात तिने घरातले प्रत्येक पातेले काढून घासले. कुसकुस शिजवायचे मोठे भांडे, पराती, जुन्या बरण्या, सगळे. दीड तास नळ उघडा आणि मी पेटलेला. नफीसा ताट परत द्यायला आली तेव्हा झुलीखा मोरीवर वाकून ओकत होती.

"झुलीखा, काय झालं गं?"

"डोकं…" ती स्टुलावर कोसळली. "घण पडतायत. पोटात ढवळतंय. घर फिरतंय."

दारात वरीदा उभी होती, अंगात कोट घालून. स्वतःचे शब्द तिने सासूच्या तोंडून जसेच्या तसे ऐकले. मग ती म्हणाली, "मुबारक, यम्मा. तमीना करू का?"

नफीसाला हसू फुटले आणि अर्ध्यावर थांबले. झुलीखाने शिवी द्यायला मान वर केली, आणि तीही थांबली. बासष्ट वर्षांची विधवा बाई, आणि त्याच जागी तेच दुखणे. सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिले. मग वरीदाने माझ्याकडे पाहिले. पाच पावले टाकून तिने पडदा ओढून फाडला.

मी सगळाच्या सगळा पिवळा होतो. ज्योती लांब, लवलवणाऱ्या, काजळी ओकणाऱ्या. एवढे उघडे मला कोणी कधी पाहिले नव्हते. तापलेल्या तांब्याला अंगावर काटा येत असेल तर तो मला आला.

वरीदाने खिडकीची मूठ ओढली. बर्फाने ती धरून ठेवली होती. तिने फळीवरचा पितळी बत्ता उचलला आणि काचेवर घातला, एकदा, दोनदा. काच खाली चौकात पडली आणि वारा आत घुसला. विझण्याआधी क्षणभर मी निळा झालो. मग नफीसाने गॅसची चावी बंद केली, आणि दोघींनी झुलीखाच्या काखेत हात घालून तिला जिन्यावर ओढत नेले. मी पुन्हा कधी पेटलो नाही.

झुलीखा वाचली. दुसऱ्या दिवशी अमार मिस्त्री आला, आता पाठीत वाकलेला. त्याने कापलेले धुराडे पाहिले, काजळीने बुजलेली वेटोळी बाहेर काढून तिच्यापुढे ठेवली. "हा ओरडला नाही का, बाई?"

"ओरडत होता," झुलीखा म्हणाली. "आम्ही त्याला पडदा लावला होता."

दुपारी नमाजानंतर वरीदाचा भाऊ आला. वरीदाने बॅग उचलली. झुलीखा म्हणाली, "आता कशाला जातेस? कळलं ना सगळं."

"तुम्हाला कळलं, यम्मा. जिन्याला मी अजून खोटारडीच आहे. ज्या दारांवर तमीना नेलीत त्याच दारांवर जाऊन सांगा. मला कळेल, मग येईन."

पुढचे मला गच्चीवर बायकांकडून कळले. दोन दिवस झुलीखा घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी निघाली आणि तळमजल्यापासून एकेक दार वाजवत आली. प्रत्येक दारात तेच म्हणाली. "सून खोटं बोलली नाही. खोटं मी बोलले, न विचारता बोलले. आता तुझा गिझर पेटवून दाखव." कोणी हसले, कोणी दार लोटायला गेले. ती पाय अडवून उभी राहिली. दोन घरांत ज्योत पिवळी निघाली. त्यातले एक घर नफीसाचे. तिच्याकडेही गॅलरीला काचा होत्या आणि धुराड्यापुढे छानसे कपाट होते.

बाराव्या दिवशी वरीदा जिना चढून आली.

मित्रांनो, माझा दोष नव्हता असे म्हणून माझी समजूत घालू नका. एका मुलीच्या डोक्यात मी दोन महिने घण घातले आणि त्या वेळी अंगावरच्या कशिद्यावर खूश होतो. तुम्ही एवढे करा. घरात असा कोणी पेटत असेल तर आजच वाकून त्याच्या ज्योतीचा रंग पाहा. त्याचे नाक बाहेर आहे ना ते पाहा, खाली वारा यायची फट मोकळी आहे ना ते पाहा. आणि घरातल्या कोणाचे डोके एकाच जागी उभे राहून रोज दुखत असेल, तर त्या माणसावर संशय घेण्याआधी त्या जागेवर घ्या.

तिसऱ्या मजल्यावर आता नवा गिझर आहे. त्याचे धुराडे गॅलरीच्या काचेतून सरळ बाहेर आले आहे, आणि पांढऱ्या भिंतीवर पुन्हा हातभर काळा डाग पडला आहे. परवा नफीसा कपडे पिळता पिळता म्हणाली की रंगारी आला होता, आणि झुलीखाने त्याला तेवढी भिंत सोडून बाकीची रंगवायला सांगितली.