फाट्याच्या अलीकडचं वळण

मी पाटा बोलतोय. वरवंट्याखालचा नव्हे, गाडीखालचा. हिरामणच्या पिकअपच्या मागच्या चाकावर, ड्रायव्हरच्या बाजूला, आम्ही पाच पोलादी पाटे एकमेकांवर निजलेले असतो. त्यांतला सगळ्यांत वरचा, दोन्ही टोकांना कानासारखा वळलेला, तो मी.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मला लालभडक तापवलं, वाकवलं आणि तेलात बुडवलं. तेव्हापासून मला एक गोष्ट नीट कळते, ती म्हणजे भार. वाळू कशी बसते, खडी कशी सरकते, हे मला अंगावर कळतं. माणूस तर लगेच ओळखू येतो. खड्डा आला की जिवंत माणूस स्वतःला सावरतो. झोपेतसुद्धा सावरतो.

हिरामण चामटोलीचा. डोंगराकडेला एका बंगल्याचं काम चाललं होतं, तिथं तो रोज दगड-वाळू पोचवायचा. वाट कच्ची, नुसते खाचखळगे. गावातलाच हरिचंद्र तिथं विहीर खोदत होता. सकाळी तो मागे बसून यायचा आणि फाळक्यावर बोटांनी ताल धरायचा.

फेब्रुवारीत एका दुपारी विहिरीच्या काठचा दगड निसटून हरिचंद्रच्या छातीवर आला. तेव्हा वर ते दोघंच होते. हिरामणने त्याला कसंबसं ओढून काढलं. बसवेना, म्हणून मागे गोणपाटावर झोपवलं.

"दादा, पोचलोच आता," हिरामण म्हणाला आणि गाडी उतारावर घातली.

हरिचंद्र कण्हत होता. आं... हं. आं... हं. प्रत्येक खड्ड्याला तो अंग आवरायचा, ते मला कळायचं. मग एका वळणावर, पळसाच्या झाडाखाली, भार तेवढाच राहिला आणि सावरणं थांबलं. पुढच्या खड्ड्यात तो गोणीसारखा आदळला.

केबिनमध्ये इंजिनाच्या आवाजात हिरामणला हे कळलं नाही. डांबरी रस्त्याच्या फाट्यावर त्याने गाडी थांबवली आणि बंगल्याच्या मालकाला फोन लावला. कुठल्या दवाखान्यात न्यायचं, ते विचारायला. "विचारून सांगतो, थांब," असं उत्तर आलं. हिरामण दहा मिनिटं थांबला. बदलापूरला पोचल्यावर डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

त्याच संध्याकाळी हिरामणने गाडीसकट मला उल्हास नदीत धुतलं. दुसऱ्या दिवशी वॉशिंगवाल्याकडे नेऊन खालून-वरून प्रेशरनं पाणी मारायला लावलं. मग आणखी एकदा. रक्ताचे डाग केव्हाच गेले होते. तो काय धूत होता, ते त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी मी वाजायला लागलो.

आं... हं. आं... हं.

आवाज माझ्याच अंगातून निघत होता, पण तो माझा नव्हता. खड्ड्यात यायचा. सपाट रस्त्यावरही यायचा. भर दुपारी गाडी अंगणात उभी असायची, वारा नसायचा, कोंबडीही फिरकायची नाही, आणि तेव्हाही तो यायचा. हिरामण ताटावरून उठून बाहेर येई आणि फाळक्याला हात लावून उभा राही. "दादा, दहाच मिनिटं रे," असं एकदा पुटपुटला.

शेवटी तो मला उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये हरेशभाईकडे घेऊन गेला. या सिंधी मिस्त्रीची दाढी पाट्यांच्या कामातच पांढरी झालेली.

"धुतली कितीदा?" हरेशभाईने विचारलं.

"तीनदा. दोनदा प्रेशरनं."

"बस, वही लफडा है. ग्रीस सगळा धुवून गेला, आत माती जाऊन बसली. पाट्यावर पाटा घासतो, म्हणून रडतो. भूतबीत काय नाय, बाबा."

तो हसत गाडीखाली शिरला. मी वाजलो. तो ओरडला, "अरे, गाडी हलवू नको!"

"मी कुठं हलवतोय? मी इकडं आहे, तुमच्या पायाशी."

हरेशभाईने "झूलेलाल" म्हणून आपल्या देवाचं नाव घेतलं. त्याने जॅक लावला, चाक काढलं, बोल्ट सैल करून आम्हा पाचांना वेगळं केलं. डिझेलने धुतलं, तारेच्या ब्रशने माती आणि गंज काढला. फडक्याने कोरडं करून आमच्यामध्ये ग्रीस भरलं. माझ्या दोन्ही कानांत नवे रबरी बुश बसवले. मी गप्प झालो.

दुसऱ्या सकाळी चामटोलीतून वर जाताना हरिचंद्रची बायको रखमाबाई रस्त्यात आडवी आली.

"आज वाजली नाय गाडी?"

हिरामणने ब्रेक दाबला. "ग्रीस केलं, वहिनी."

"रोज वाजायची तवा मी दारात यायची. वाटायचं, आला." ती गाडीमागे गेली. "मला एकदा त्या वाटेनं ने. तो निजला व्हता तिथं बसते."

"वहिनी, पुढं बसा."

"मागंच."

ती मागे चढली. हलकं, सुकलेलं वजन. हिरामण तिला विहिरीपर्यंत घेऊन गेला आणि त्याच उताराने परत निघाला. पळसाखालच्या वळणावर तिने केबिनवर धाडकन हात मारला.

"थांब. हितं."

हिरामणने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला आणि एकदम रडायला लागला. "वहिनी, मी फाट्यावर थांबलो होतो. फोनसाठी. दहा मिनिटं. कोणाला सांगितलं नाय मी."

"फाट्यावर?" रखमाबाई म्हणाली. "तो फाट्यापत्तुर आलाच कुठं? हितंच गेला ना तो."

तिला हे कोणी सांगितलं? हिरामणला माहीत नव्हतं. तो तिथंच गेला हे मला माहीत होतं, पण मी ग्रीस खाऊन गप्प होतो.

ती फाळक्याला धरून सावकाश खाली उतरली, आणि मी वर उचललो गेलो. एका सुकलेल्या बाईच्या उतरण्याने जितका उचललो जायला हवा, त्याहून खूपच जास्त. दोन माणसं उतरली, एवढा.

आता हिरामण मला बादलीने धुतो आणि वेळच्या वेळी ग्रीस लावतो. जेवताना मधेच उठत नाही. माझा बाक थोडा सपाट झालाय. अजून वर्षभर ओढेन, मग भंगारात जाईन. त्याचं वाईट वाटत नाही. तुमचीही गाडी धुतल्यावर वाजायला लागली, तर मिस्त्रीकडे जरूर न्या. तो सांगेल ते खरंच असतं. फक्त नेण्याआधी एकदा इंजिन बंद करा, आणि मागे कोण आहे ते विचारा.