शेजारच्या सीटचं वजन

गाडीला मागची चाकं नव्हती आणि घरात नवरा नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं फक्त मिलीला वाटायचं. बाकी गल्लीचं म्हणणं, बाईला वेळ मिळत नाही.

मिली हे तिचं खरं नाव नव्हे. एखादं गिऱ्हाईक "अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल हो" म्हणालं, की ही ड्रॉइंग गुंडाळून ठेवायची, म्हणून नवऱ्यानेच ते नाव पाडलं होतं. मिलिमीटरची मिली. नवऱ्याला गल्लीने सुसाट म्हणायला सुरुवात केली ती त्याच्या चालवण्यावरून. तो निघाला की कुत्रीसुद्धा पायऱ्या चढून वर बसायची. खाली वर्कशॉप, वर घर. मिली डिझाइन करायची, सासरे वेल्डिंग करायचे आणि सुसाट चालवून बघून यायचा. येताना दरवेळी दारातल्या खड्ड्यात गाडीचं पोट घासायचं, आणि दरवेळी तो म्हणायचा, "उद्या बुजवतो."

ही गाडी मात्र कुणा गिऱ्हाइकाची नव्हती. दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दोघांनी भंगारातून उचललेली. पुढून मोठी रुबाबदार, पण वळणावर शेपूट हलवायची. दोष मागच्या आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणाऱ्या हाताचा. कारखान्याने तो पत्रा दाबून केला होता. जोर आला की लवायचा, आणि तो लवला की चाक आपल्या मनाने वळायचं. एकदा पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गाडी गर्रकन फिरली आणि आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मिली शेजारच्या सीटवर होती. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं, आणि मग दोघंही खुळ्यासारखी हसत सुटली.

"मागचं सगळं नवीन करू," तो म्हणाला. "डिझाइन तुझं, चालवणं माझं."

त्याच आठवड्यात त्यांनी मागचं सगळं उतरवलं आणि गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. मग त्याला समुद्रापलीकडे शर्यतीच्या गाड्यांवर काम मिळालं. सहा महिन्यांत येतो म्हणाला. खड्डाही आल्यावर बुजवणार होता. त्याला तीन वर्षं झाली.

डिझाइन तर मिलीने महिनाभरातच संपवलं होतं. राहिलं होतं ते बनवणं. कधी हवा तो पाइप मिळत नव्हता, कधी मिळालेला पाइप पसंत पडत नव्हता, कधी दुसऱ्यांचीच कामं अंगावर पडत होती. मनातला हिशेब अगदी साधा होता: गाडी अर्धी आहे तोवर त्याला यावंच लागेल. अर्धी गाडी टाकून सुसाट कुठे जाणार? बायकोला टाकून जाऊ शकतो, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. हुशार माणसं अशीच एका डोळ्याने आंधळी असतात.

रोज सकाळी शटर वर केलं की ती आधी गाडीवरचं कापड सारखं करायची. सासरे ते बघायचे आणि घसा खाकरून दुसरीकडे वळायचे. मुलाचा विषय ते काढत नसत. फोन वाजला की मात्र वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून, हातातलं काम थांबवून उभे राहायचे. "चुकीचा नंबर आहे, बाबा," असं तिने म्हटलं की चष्मा परत खाली.

आणि एक दिवस बरोबर नंबर वाजला. "मिली, गाडी पुरी करून दे गं," सुसाट म्हणाला. "इथे असे रस्ते आहेत ना, तू बघशील तर वेडी होशील. पुढच्या महिन्यात ट्रेलर पाठवतो, बंदरापर्यंत न्यायला."

बाकीचं काही मिलीने ऐकलंच नाही. तू बघशील, एवढंच तिच्या कानात राहिलं. बघशील म्हणजे तिथे जाऊनच बघणार ना? ती फोन ठेवून वळली तेव्हा सासऱ्यांनी नुसती हनुवटी उडवून विचारलं.

"गाडी मागवतोय, बाबा. आणि मला वाटतं..."

"मग उभी काय राहिलीस? पाइप काप!" म्हातारा गरजला, आणि गॅसच्या सिलिंडरची चावी उगाचच दोनदा उघडून बंद केली.

इतकी वर्षं न मिळालेला पाइप दुसऱ्या दिवशी मिळाला. मिलीने मागच्या प्रत्येक चाकासाठी जाड नळीचे आर्म आखले होते. नळीच्या एका टोकाला उजवा आटा, दुसऱ्याला डावा. मधली नळी एका बाजूला फिरवली की आर्म लांब व्हायचा, उलट फिरवली की आखूड. म्हणजे चाक केसाइतकंही सरकवता यावं. आटे तिने स्वतः लेथवर पाडले. दोन नळ्या जिथे भेटतात तिथे माशाच्या तोंडासारखी खाच कानशीने घासत बसली, उजेडाकडे धरून फट दिसते का बघत, पुन्हा घासत.

"अगं, ती फट मी भरतो ना वेल्डिंगमध्ये," सासरे म्हणाले.

"फट भरायची नसते, बाबा. ठेवायचीच नसते."

"ऐकतंय कोण माझं! डिझाइन म्हणजे लग्नातला फोटो, पोरी. वेल्डिंग म्हणजे संसार. कुठेतरी भरून घ्यावंच लागतं."

तरी त्यांनी असं वेल्डिंग केलं की एकावर एक रचलेल्या नाण्यांसारखी ओळ उठली. आर्म जिगमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत आवळलेला, चहूबाजूंनी धरलेला. पूर्ण गार होईपर्यंत सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. गरम असताना मोकळा केला की आयुष्यभर वाकडा. तो गार होईस्तोवर दोघं चहा घेत बसायची. मिली त्या वेळात शेजारच्या सीटच्या उसवलेल्या शिवणीला टाके घालायची. तिथले रस्ते कसे असतील, याचा विचार करायची. तो वळणावर एक हात सोडून तिच्या गुडघ्यावर ठेवायचा, "घाबरलीस?" म्हणायचा. ती नेहमी नाही म्हणायची. आता विचारलं तर हो म्हणायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

गाडी चार चाकांवर उभी राहिली त्या दुपारी सासऱ्यांनी टपावरून हात फिरवला आणि मागून दोन्ही हातांनी गाडी जोरात दाबली. ती एकदाच खाली गेली, एकदाच वर आली आणि गप्प उभी राहिली. "आता नाही हलवणार शेपूट," ते म्हणाले.

शेवटचं काम राहिलं होतं, वजन लावायचं. प्रत्येक चाकाखाली एक काटा ठेवायचा आणि तिरप्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या कोपऱ्यांच्या जोड्या जुळवायच्या. स्प्रिंगखालची रिंग पान्याने वर-खाली करत जायची. नाहीतर गाडी डुगडुगत्या स्टुलासारखी होते, तीन पायांवर उभी आणि चौथा नावाला. पण रिकाम्या गाडीला हे करून उपयोग नसतो. बसणारी माणसं मोजावी लागतात, आणि माणसं हजर नसली तर त्यांच्याऐवजी रेतीच्या पिशव्या बसवतात.

मिलीने शेजारच्या सीटच्या पिशव्या आधीच भरून ठेवल्या होत्या. पंचवीसच्या दोन आणि चौदाची एक छोटी. चौसष्ट. हा आकडा अख्ख्या गल्लीला पाठ होता, कारण गेल्या वेळी वजन लावताना सुसाटने तिला काट्यावर उभी केली होती आणि रस्त्यात जाऊन लिलावासारखं ओरडला होता, "चौसष्ट! चौसष्ट एक वार, चौसष्ट दोन वार!" ती पाना घेऊन त्याच्यामागे धावली होती.

हात ग्रीसने भरले होते म्हणून सुसाटला लावलेला फोन तिने हत्यारांच्या पेटीवर ठेवला आणि स्पीकर लावला.

"गाडी काट्यावर आहे," ती म्हणाली. "तुझं वजन सांग."

"माझं?" तो हसला. पलीकडे कुठेतरी इंजिन चालू होतं. "एक्याऐंशी धर. पोट सुटलंय."

मिलीही हसली. तिला ते पोट बघायचं होतं. त्यावरून त्याला चिडवायचं होतं, शर्टाची बटणं सैल करून द्यायची होती. दुसऱ्या कुणी चिडवायच्या आत.

"आणि शेजारच्या सीटवर किती?" तिने विचारलं. पिशव्या तर भरलेल्या होत्या. तिला फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बावन्न धर."

टायरमधली हवा सांगावी तसं सांगितलं त्याने, पटकन आणि बिनचूक. यंत्राच्या बाबतीत सुसाट जन्मात खोटं बोलला नव्हता. खोटं बोलायला त्याला माणसं पुरायची. पलीकडचं इंजिन बंद झालं.

"म्हणजे... अंदाजे गं," तो म्हणाला.

"अंदाजे मला चालत नाही, माहितीये ना तुला? पन्नास की बावन्न?"

मग अगदी बारीक आवाजात, "बावन्न." आणि घाईघाईने, "मिली, ऐक, मी तुला सांगणारच..."

तिने कोपराने फोन बंद केला.

सासरे गाडीच्या पलीकडे उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि न घालता हातातच ठेवला. मिली पिशव्यांपाशी जाऊन उभी राहिली. चौसष्टच राहू दिले तर? बारा किलोंचा फरक जगात कुणाला कळणार नव्हता. पण सुसाटला कळला असता. त्याच्या पाठीला गाडीतलं सगळं कळायचं. दर वळणावर त्याला वाटलं असतं, काहीतरी कमी आहे, शेजारी कुणीतरी पुरेसं नाही. खाली वाकून बघितलं असतं, नट आवळले असते, आणि काय कमी आहे ते कधीच सापडलं नसतं. मिलीला हे इतकं हवंहवंसं वाटलं की तिने पिशवीचं तोंड मुठीत घट्ट आवळून धरलं.

"सोड ती पिशवी," सासरे म्हणाले. "गाडी कुठे जायची नाही. ट्रेलर आला तसा परत पाठवू. आर्म माझ्या हातचे आहेत, मी कापून काढीन."

"बाबा..."

"नाही म्हणजे नाही! हवी असेल तर स्वतः येऊन घेऊन जाईल. येऊ दे की इथे. माझ्यासमोर उभा राहू दे एकदा." आणि मग त्यांचा आवाजच बसला. "गाडी इथे असली तर येईल गं तो. आज ना उद्या येईलच."

मिलीने त्यांच्याकडे बघितलं. तीन वर्षं हेच वाक्य ती मनात म्हणत आली होती, रोज सकाळी कापड सारखं करताना. आपण एकट्याच म्हणतोय असं तिला वाटत होतं.

"येईल, बाबा," ती म्हणाली. "गाडीसाठी येईल."

म्हातारा गाडीच्या मागच्या बाजूला टेकला. तोंड फिरवून उभा राहिला, आणि त्याची पाठ हलायला लागली. मिलीला वाटलं जवळ जावं, पण गेली असती तर तिलाही आवरलं नसतं. ती तिथेच खाली बसली आणि छोट्या पिशवीचं तोंड सोडलं. बादली काट्यावर ठेवून ती ओंजळीने रेती काढत गेली. बारा किलो भरले तेव्हा पिशवीत दोन मुठी रेतीच राहिली होती.

पिशव्या तिने सीटवर नीट बसवल्या आणि वरून पट्टा लावला. पट्टा तिच्या मापाचा होता. तो बराच आवळावा लागला.

"पाना," तिने हात पुढे केला.

थोड्या वेळाने तो हातात आला. सासरे डोळे पुसून काट्यापाशी बसले होते आणि आकडे वाचून दाखवत होते. ती रिंग पाव फेरा फिरवायची, गाडी हलवून बसवायची, ते पुन्हा वाचायचे. संध्याकाळ होईपर्यंत दोन्ही जोड्या जुळल्या.

"अर्ध्या किलोचा फरक आहे," ते म्हणाले. "चालेल की."

"नाही चालत," मिली म्हणाली, आणि पुन्हा गाडीखाली गेली.

दोन दिवसांनी ट्रेलर आला. गाडी वर चढवताना एकदाही शेपूट हललं नाही, दारातल्या खड्ड्यात तेवढं नेहमीसारखं पोट घासलं. ट्रेलरवाल्याने साखळ्या आवळल्या, "मालक कुठेत?" म्हणून विचारलं, आणि सही मिलीचीच घेऊन निघून गेला.

वर्कशॉप एकदम मोठं दिसायला लागलं. सासरे आत गेले आणि बारा किलोंची बादली घेऊन बाहेर आले. "ही कुठे टाकू?"

"दारातल्या खड्ड्यात टाका, बाबा. पाणी साचतं तिथे."

त्यांनी रेती ओतली, चपलेने दाबली, पुन्हा दाबली आणि वाकून बघितलं. "अजून लागेल," ते म्हणाले.

मिली आत गेली आणि सीटवरून काढलेली मोठी पिशवी ओढत बाहेर घेऊन आली.